ग्रुप सोडून गेलेली मैत्रीण

ताई, नमस्कार.

मी कोल्हापुरातल्या एका शाळेत शिकवते. माझी एक मैत्रीण त्याच शाळेत विज्ञान शिकवते. आम्ही एकाच वर्षी नोकरीला लागलो. माझ्या बाळंतपणात तिनं माझे तास सांभाळले. तिचे सासरे सीपीआर या सरकारी रुग्णालयात होते तेव्हा मी रोज डबा पोचवला. ती मुस्लिम आहे, हे मला कधी वेगळं लक्षात ठेवावं लागलं नाही.

गेल्या दोनेक वर्षांत आमच्या स्टाफच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नको ते मेसेज यायला लागलेत. मध्यंतरी एका सरांनी ‘यांच्याकडून भाजी-फळं घेऊ नका, यांना घरं भाड्यानं देऊ नका’ असा मेसेज टाकला. ग्रुपवर पस्तीसेक जण आहोत. कुणी काही बोललं नाही. दोघातिघांनी हात जोडल्याची चिन्हं टाकली. मीही गप्प बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती ग्रुपमधून बाहेर पडली. विचारलं तर म्हणाली, ‘फोन हँग होतोय गं.’ तेव्हापासून मधल्या सुट्टीत ती स्टाफरूममध्ये येत नाही, प्रयोगशाळेत बसून डबा खाते. तिचा मुलगा माझ्या मुलाबरोबर फुटबॉल खेळतो, त्यानंही सरावाला येणं बंद केलंय.

तिच्याशी काय बोलावं, कळेना झालंय. विषय काढला तर खपली निघेल असं वाटतं. नाही काढला तर तिला वाटेल, हीसुद्धा त्यातलीच. नवरा म्हणतो, ‘तू कशाला यात पडतेस, होईल आपोआप शांत.’ तिला आधार द्यायचा तर कसा, तुम्हीच सांगा.

– एक शिक्षिका, राजारामपुरी


नमस्कार बाई,

तिच्याशी काय बोलू, असं तुम्ही विचारलंय. मला वाटतं, तुमचं पहिलं बोलणं तिच्याशी नाहीच. ते त्या ग्रुपवर व्हायला हवं, जिथे ती आता नाही.

तो मेसेज टाकणारा माणूस एक होता. तसलं बोलणं तिनं त्याआधीही ऐकलं असणार, बसमध्ये, मंडईत, मुलाच्या शाळेच्या फाटकापाशी. मला नाही वाटत ती त्या एका माणसामुळे गेली. मेसेज वाचल्यावर ती थांबली, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत थांबली. त्या पस्तीस जणांत ज्यांच्या मुलांची नावं तिला पाठ आहेत, ज्यांच्या घरच्या लग्नाला ती गेली आहे, त्यांच्यापैकी कुणीतरी एक ओळ लिहील म्हणून तिनं वाट पाहिली असेल. ती ओळ आली नाही. तुम्ही चांगल्या आहात, हे तिला ठाऊक आहे. चांगली माणसं अशा वेळी काय करतात, तेही आता तिला ठाऊक झालंय आणि दुखणं तिथलं आहे. एकांतात तुम्ही तिला कितीही जवळ घेतलंत तरी ते तिथं पोचणार नाही.

तुम्ही कोल्हापूरच्या आहात, म्हणून गंगाराम कांबळेंची गोष्ट तुम्हाला सांगायला नको. अस्पृश्य म्हणून त्यांना मारहाण झाली, मग शाहू महाराजांच्या मदतीनं त्यांनी चहाचं दुकान काढलं, पण त्यांच्या हातचा चहा घ्यायला कुणी येईना. तेव्हा महाराज स्वतः तिथे थांबून, चारचौघांसमोर चहा घेऊ लागले आणि बरोबरच्या मंडळींनाही घ्यायला लावू लागले. ही गोष्ट आपण मुलांना महाराजांच्या मोठेपणाची म्हणून सांगतो. मला त्यातली दुसरी बाजू जास्त महत्त्वाची वाटते. कांबळेंना वाड्यावर बोलावून ‘मी तुझ्या पाठीशी आहे’ असं सांगणं महाराजांना सोपं होतं. पैसे तर त्यांनी दिलेच होते. पण दुकान चालायचं तर गोष्ट कांबळेंशी बोलून सुटणारी नव्हती. न येणाऱ्या गिऱ्हाइकांसमोर काहीतरी घडायला हवं होतं, आणि ते घडवण्याची ताकद महाराजांकडे होती, कांबळेंकडे नव्हती. तुमच्या स्टाफरूममध्ये ती ताकद तुमच्याकडे आहे. तुमच्या मैत्रिणीनं त्या मेसेजला उत्तर दिलं असतं तर ‘लगेच टोचलं बघा’ असं झालं असतं. तुम्ही दिलंत तर तसं म्हणणं कुणाला सोपं जाणार नाही.

आता प्रत्यक्ष काय करायचं. आधी स्टाफमधल्या अशा दोघीतिघींशी बोला, ज्यांनाही तो मेसेज खटकला असेल अशी तुम्हाला शंका आहे. त्या असतातच. प्रत्येकीला वाटत असतं की आपण एकटीच. मग ग्रुपवर लिहा. लांबलचक नको, कुणाला शिकवण्याचा आव नको. अशासारखं काहीतरी: ‘मध्यंतरी इथे खरेदी आणि घरांबद्दल जो मेसेज आला, तो मला पटला नाही. आपल्या शाळेत सगळ्या धर्मांची मुलं शिकतात आणि शिक्षकही आहेत. असे मेसेज या ग्रुपवर नकोत. त्याच दिवशी बोलायला हवं होतं, आज बोलते आहे.’ एवढंच. त्या दोघींनी खाली ‘मलाही हेच वाटतं’ असं लिहावं. वाद सुरू झाला तर इतिहासात शिरू नका. अफझलखानापासून फाळणीपर्यंत सगळं बाहेर निघेल आणि मूळ गोष्ट बाजूला पडेल. तुमचं म्हणणं एकच ठेवा: हा शिक्षकांच्या कामाचा ग्रुप आहे आणि आपल्यातल्या एका सहकाऱ्याला भाड्यानं घर मिळू नये, असं लिहिलेला मेसेज इथे चालणार नाही. ग्रुपचा अ‍ॅडमिन आणि मुख्याध्यापिका यांच्याशीही जाऊन बोला, तोंडी आणि शांतपणे.

त्या सरांशी एकट्यानं बोलता आलं तर तेही करा. अशी फॉरवर्ड करणारी पुष्कळ माणसं मनानं क्रूर नसतात, आलेलं पुढे ढकलतात आणि समोरून कुणी अडवत नाही म्हणून ढकलत राहतात. पण म्हणून त्यांना सूट द्यावी असं मला वाटत नाही.

ग्रुपवरच्या तुमच्या संदेशात मैत्रिणीचं नाव घेऊ नका, आणि लिहिल्यावर स्क्रीनशॉट काढून तिला पाठवू नका. तिच्यासाठी आपण काय केलं, हे तिनं पाहावं असं वाटणं स्वाभाविक आहे, पण त्यानं तिच्यावर आभाराचं ओझं येतं. शाळेत गोष्ट फिरायला वेळ लागत नाही, तिला कळेलच. काही नात्यांत दोघांपैकी एकजण मोठ्या परीक्षेची तयारी करत असताना कोणत्या मदतीचा उपयोग होतो, हे 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात पाहिलं गेलं होतं. वकिलीच्या परीक्षेला बसणाऱ्यांच्या घरी तो अभ्यास झाला. जी मदत जोडीदारानं केली पण परीक्षार्थ्याच्या लक्षातही आली नाही, तिनं ताण सगळ्यात जास्त हलका झाला होता. मदत दिसली की घेणाऱ्याला आपण कमी पडतोय असंही वाटू लागतं. आपल्याकडच्या आयाबायांना हे अभ्यासाशिवायही माहीत असतं.

पोलिसांत तक्रार करण्याचा रस्ताही आहे. दोन समाजांत वैर पसरवणारा मजकूर भारतीय न्याय संहितेच्या कलम 196 खाली येऊ शकतो. पण तिच्या समाजाविरुद्धच्या मेसेजवर तक्रार झाली की चौकशी, बोलणी, चर्चा सगळी तिच्या दारात येते. तिला न विचारता हे पाऊल उचलू नका.

आता तिच्याविषयी. ती प्रयोगशाळेत का बसते, यामागे रुसवा शोधू नका. अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ डेव्हिड विल्यम्स यांनी 1997 मध्ये रोजच्या भेदभावाबद्दलची एक प्रश्नावली पुढे आणली. त्यात मारहाण, दंगल असलं काही नाही. लोक तुमच्याशी इतरांपेक्षा कमी आदरानं वागतात का, दुकानात कमी लक्ष देतात का, तुमची भीती वाटल्यासारखं वागतात का, तुम्ही अप्रामाणिक असल्यासारखं वागवतात का, एवढंच विचारलंय. अशा बारीकसारीक गोष्टी वर्षानुवर्षं साठल्या की शरीर सतत सावध राहायला लागतं. 2009 मध्ये 134 नमुन्यांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात ज्यांना भेदभाव जास्त सोसावा लागतो त्यांचं मानसिक आणि शारीरिक आरोग्य दोन्ही जास्त ढासळलेलं दिसलं. तुमच्या मैत्रिणीच्या बाबतीत ही सावधगिरी हवेतून आलेली नाही. 7 जून 2023 ला आपल्याच शहरात बंद, दगडफेक, लाठीमार झाला, इंटरनेट बंद पडलं. 14 जुलै 2024 ला विशाळगडाच्या पायथ्याला गजापुरात घरांची आणि मशिदीची मोडतोड झाली. तुमच्या-माझ्यासाठी त्या दोन बातम्या होत्या. ती मात्र तेव्हापासून घराबाहेर पडताना दुपट्टा कसा घ्यायचा, रिक्षात फोनवर कुठल्या भाषेत बोलायचं, मुलानं कुठला स्टेटस ठेवायचा, डब्यात काय न्यायचं, या सगळ्याचा हिशेब करत असेल. स्टाफरूममध्ये बसलं की तो हिशेब चालू ठेवावा लागतो. प्रयोगशाळेत अर्धा तास तो थांबतो. तिला तिथून ओढून स्टाफरूममध्ये आणू नका.

तुम्ही आपला डबा घेऊन तिथे जा. रोज जाऊ नका, सुरुवातीला आठवड्यातून दोनदा. पहिल्या वेळी विषय काढा, एकदाच आणि थोडक्यात: ‘त्या मेसेजवर मी बोलले नाही, ते चुकलं. आता बोलले आहे. तुला काही सांगायची गरज नाही.’ आणि मग दहावीच्या प्रात्यक्षिकांविषयी, सासूबाईंच्या गुडघ्यांविषयी बोला. ती काहीच बोलली नाही तर तेवढ्यावर थांबा. ती रडली, चिडली, तुमच्यावरच चिडली, तरी ऐकून घ्या. ‘सगळेच तसे नसतात गं’ हे वाक्य मात्र त्या वेळी नको. सगळे तसे नसतात हे ती रोज स्वतःला समजावत असते, तिला ते तुमच्या तोंडून ऐकायचं नाही.

आणखी एक वाक्य, फार प्रेमानं म्हटलं जाणारं: ‘तू तशी नाहीस.’ म्हणजे बाकीचे तसे आहेत आणि तू परीक्षा पास झालीस. तिच्या आईवडिलांविषयी, भावांविषयी हे वाक्य काय सांगतं, विचार करा. त्याचप्रमाणे कुठे काही घडलं की ‘तुझं काय मत?’ असं तिला विचारू नका. तिचं मत तिच्या विषयाबद्दल विचारा, विज्ञान प्रदर्शनाबद्दल विचारा.

एका गोष्टीची मला काळजी वाटते, कारण मनापासून प्रेम करणारी कोल्हापूरकर माणसंच ती करतात. ती म्हणजे सलोख्याच्या गोष्टी ऐकवणं. बाबुजमाल दर्ग्याच्या कमानीवर गणपती आहे. कुरुंदवाडला मशिदींमध्ये गणपती बसतात. मोहरमात हिंदू घरांतून पंजांना नैवेद्य जातो. उस्ताद अल्लादिया खाँ कोल्हापूर दरबारचे गवई होते. हे सगळं खरं आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. पण हे तिला सांगू नका, ते तिला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. हे सांगायचं तर त्या सरांना सांगा, आपल्या सोसायटीत सांगा, आपल्या मुलांना सांगा. आणि ईदला तिच्याकडे शिरखुर्मा खायला जरूर जा, पण तो आधार झाला असं समजू नका. त्या दिवशी यजमान ती असते, कष्ट तिचे असतात.

तुम्हाला कदाचित थोडं लागेल असं एक सांगते. या काळात ती तुमच्यापेक्षा आपल्या बहिणींशी, मोहल्ल्यातल्या बायकांशी, नमाजाला भेटणाऱ्या मैत्रिणींशी जास्त बोलेल. ते चांगलं आहे. तिथे तिला काही समजावून सांगावं लागत नाही. पुन्हा महाराजांकडेच येते. 1901 पासून त्यांनी एकेका समाजासाठी वसतिगृहं उभी करायला घेतली, मराठा, जैन, लिंगायत, अस्पृश्य मानलेल्यांसाठी, आणि 1906 मध्ये मुस्लिम बोर्डिंग. त्या बोर्डिंगच्या संस्थेचं अध्यक्षपद त्यांनी स्वतःकडे घेतलं. सगळ्यांसाठी एकच सामाईक वसतिगृह का ठेवलं नाही, असा प्रश्न पडू शकतो. मला तरी त्यात मोठं शहाणपण दिसतं. खेड्यातून आलेल्या पोराला आधी असं छप्पर हवं, जिथे त्याला आपल्या जेवणाबद्दल, बोलण्याबद्दल, देवाबद्दल खुलासे द्यावे लागत नाहीत. तिथे पाय रोवले की तो शाळेत, कॉलेजात, दसरा चौकात सगळ्यांबरोबर उभा राहू शकतो. तुमच्या मैत्रिणीला आत्ता ते छप्परही हवं आणि तुम्हीही हव्यात. ‘ती आता आपल्याच लोकांत जास्त असते’ असं मनात आणू नका.

पण मला सगळ्यात जास्त अस्वस्थ तिच्या मुलानं केलं. मोठ्यांना आपल्या दुखण्याला नाव देता येतं. पोरगं सराव सोडतं आणि ‘कंटाळा आला’ म्हणतं. कोल्हापुरात फुटबॉल सोडणं ही साधी गोष्ट नाही, तुम्हाला सांगायला नको. आधी तुमच्या मुलाकडून समजून घ्या, मैदानावर काही झालं का, कुणी काही बोललं का. पोरं एकमेकांना घोषणा ऐकवतात, टोपणनावं ठेवतात आणि मोठ्यांपर्यंत ते पोचत नाही. तसं काही असेल तर प्रशिक्षकांना तुम्ही भेटा, तुमच्या मुलाची आई म्हणून, तिला पुढे न करता. मग तुमच्या मुलाला त्याच्या घरी पाठवा, बूट घेऊनच. निमंत्रण नको, गयावया नको, ‘चल, आज बचावाला माणूस कमी आहे.’

हे मी नुसतं पोराच्या आनंदासाठी सांगत नाही. राज्यशास्त्राचे अभ्यासक आशुतोष वार्ष्णेय यांनी भारतातल्या सहा शहरांचा जोड्या लावून अभ्यास केला. अलीगढ आणि कालिकत, हैदराबाद आणि लखनौ, अहमदाबाद आणि सुरत. तणाव सगळीकडे येतो, मग काही शहरं पेटतात आणि काही सावरतात, ते का, हा प्रश्न होता. शेजाऱ्यांचं येणंजाणं, सणाला एकमेकांकडे जेवणं, हे सगळं चांगलं, पण अफवा उठली की शहरात ते पुरं पडत नाही. जिथे हिंदू आणि मुस्लिम एकाच कामगार संघटनेत, व्यापारी मंडळात, क्लबात, एकमेकांची गरज पडेल अशा रीतीनं बांधलेले होते, ती शहरं जास्त तग धरून राहिली. आपल्याकडचं उदाहरण भिवंडीचं आहे. 1984 मध्ये तिथे भयंकर दंगल झाली. 1988 पासून तिथले पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या, दोन्ही समाजांची माणसं एका सतरंजीवर बसवली, गटारापासून भांडणांपर्यंतचे विषय त्यांच्यापुढे ठेवले. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली.

तुमच्याकडे फुटबॉलची टीम आहे आणि शाळा आहे. म्हणून म्हणते, तिच्याबरोबर केवळ डबा खाऊ नका, तिच्याबरोबर एखादं काम घ्या. विज्ञान प्रदर्शन, सहल, परीक्षेचं नियोजन, पतसंस्थेचं काही असेल तर ते. असं काम, ज्यात त्या सरांनाही तिला विचारल्यावाचून पुढे जाता येणार नाही. मुख्याध्यापिकांशी बोलाल तेव्हा हेही बोला.

तुमच्या यजमानांची काळजी मी समजू शकते. यात किंमत मोजावी लागते, ते खोटं नाही. ग्रुपवर लिहिल्यावर कुणी तुम्हाला टोमणे मारतील, कुणी काही दिवस बोलणार नाही. तुमच्याही पोटात थोडं ढवळेल. पण ‘आपोआप शांत होईल’ याचा अर्थ त्यांनी नीट पाहावा. शांत झालंच आहे. ग्रुप शांत आहे, स्टाफरूम शांत आहे. एक बाई प्रयोगशाळेत जेवते आणि एक पोरगा घरी बसतो, म्हणून ते शांत आहे. हे त्यांना तुमच्या शब्दांत सांगा. ते समजून घेतील असं तुमच्या पत्रावरून वाटतं.

आणि काही गोष्टींकडे लक्ष ठेवा. तिची झोप उडाली आहे का, वजन उतरतंय का, वर्गात शिकवताना हरवल्यासारखी होते का, ‘कशासाठी हे सगळं’ असं काही बोलते का. मुलाच्या बाबतीत अभ्यास एकदम घसरणं, खोलीचं दार लावून बसणं, लहानसहान गोष्टींवर उसळणं. असं दिसलं तर मैत्रीवर विसंबून राहू नका. टेली-मानस ही सरकारी मोफत सेवा 14416 या क्रमांकावर रात्रंदिवस चालते, मराठीत बोलता येतं. सीपीआरमध्ये मानसोपचाराची ओपीडी आहे. ती जायला तयार झाली तर तुम्ही बरोबर जा, केसपेपर तुम्ही काढा, रांगेत तिच्या शेजारी बसा. त्या दिवशी दोघींनी रजा टाका आणि शाळेत कारण सांगत बसू नका.